पडद्याखालची पट्टी

बोलायला तोंड उघडलं की त्यांचा उजवा तळहात आपोआप ओठांच्या कडेला जाऊन आडवा उभा राहायचा. विंगेतून कुणाला तरी वाक्य पुरवत असल्यासारखा. बाजारात केळ्यांचा भाव सांगतानाही तसाच आणि चर्चच्या पायरीवर कुणाची विचारपूस करतानाही तसाच. गावच्या नाटकांत तीस-एक वर्षं प्रॉम्प्टिंग केलेल्या माणसाचा हात होता तो. नाटकं बंद पडली तरी हात खाली आला नाही.

अशी एखाद्या कामाने कायमची वळवलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण हा माणूस नेमका बहिऱ्या मुलांच्या शाळेत आला, आणि तिथे तोंडाआड हात धरणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. आमची मुलं ओठ वाचत. ते बोलायला लागले की पहिल्या बाकावरची कुणीतरी उठून त्यांचं मनगट धरून हात खाली करी. ते ओशाळे होत, "चुकलो, बाय," म्हणत, आणि हे म्हणतानाही हात पुन्हा वर गेलेला असे. वर्गात खुणा करायला तेव्हा बंदी होती. आम्ही शिक्षिका बोलायला उभ्या राहिलो की मुलांनी दोन्ही हात मांडीवर ठेवायचे, हा नियम मी स्वतः कडकपणे पाळून घेत असे. अंगणात मात्र खुणांचंच राज्य होतं. तिथे मुलांनी त्यांचं नावही ठेवलं होतं: गालाला टेकवलेला आडवा तळहात. बस. शाळेत त्यांना दुसरं नाव नव्हतं.

ते आमच्याकडे आले ते सुकेळी घेऊन. स्टेशनच्या पश्चिमेला, आगाशीच्या रस्त्यावर त्यांची छोटी वाडी होती, केळी आणि पानवेली. शाळेला दर सणाला ते वाळवलेल्या केळ्यांचे पुडे देत. एका दुपारी ते पुडे ठेवायला आले तेव्हा मी मोठ्या मुलांना सिनेमा दाखवत होते. सिनेमा म्हणजे सोळा मिलिमीटरची शैक्षणिक फिल्म. मुंबईच्या एका लायब्ररीतून तीन दिवसांसाठी मिळायची, निवेदन इंग्रजी. खिडक्यांना काळं कापड लावून मी प्रोजेक्टर चालवत होते, आणि मुलं पडद्यावर हलणारी पानं, पाखरं, माणसं बघत होती. निवेदक अखंड बोलत होता. त्याचं बोलणं त्या खोलीत फक्त मला ऐकू येत होतं.

ते दारात उभे राहिले. रीळ संपल्यावर म्हणाले, "टीचर, हा माणूस एवढा बोलला, ते यांच्यापर्यंत गेलं का?"

मी म्हटलं, "नंतर फळ्यावर लिहून देते."

"नंतर?" ते एवढे घाबरले की मला हसू आलं. "नंतर काय उपयोगाचं? शब्द आधी हवा, टीचर. शब्द उशिरा आला की माणूस उघडा पडतो."

शब्द उशिरा येण्याची त्यांना खरोखरच भीती होती. तरुणपणी एका नाटकात त्यांनी पान उलटताना दोन पानं उलटली होती. राजाचं काम करणारा गावचा मनुष्य भर सभेत तोंड उघडं टाकून उभा राहिला, लोक हसले, आणि तो पुन्हा कधी रंगमंचावर चढला नाही. "मी त्याचं तोंड अजून बघतो," ते सांगत. त्या दिवसापासून नट अडायच्या आत, किंबहुना मागचं वाक्य संपायच्या आत, ते पुढचं वाक्य पुरवू लागले. गावातले नट म्हणत, ते विंगेत असले की पाठांतराची गरज नाही.

आठवड्याभरात ते एक खोकं घेऊन हजर झाले. चहाच्या खोक्याच्या फळ्या, समोर काच, आत दोन बल्ब, आणि वर-खाली नव्हे, तर डावी-उजवीकडे दोन लाटणी. बायकोची होती. एका लाटण्यावरून दुसऱ्यावर ट्रेसिंग पेपरची लांबच लांब गुंडाळी जायची आणि शिलाई मशीनची मूठ फिरवली की काचेमागे एकेक वाक्य येऊन थांबायचं, उजळलेलं, काळ्या शाईतलं. नटांसाठी त्यांच्या संवादांच्या नकला लिहून लिहून त्यांचं अक्षर असं झालं होतं की शेवटच्या बाकावरूनही वाचता यावं. हे खोकं पडद्याच्या बरोबर खाली टेबलावर बसायचं आणि त्याच्यामागे, स्टुलावर, ते. मुलांकडे तोंड, पडद्याकडे पाठ.

हे बसणं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

फिल्म आली की मी दोनदा ऐकून मराठी करायची, ते लिहायचे, आणि तिसऱ्यांदा फक्त आवाज ऐकून ते इंग्रजी निवेदन कानात बसवून घ्यायचे. इंग्रजी फारसं येत नव्हतं. पण कुठे आवाज चढतो, कुठे उतरतो, कुठे संगीत लागतं, हे त्यांना नाटकासारखं पाठ होई.

माझं आणि त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी वाक्यं छाटायची. मुलं सावकाश वाचतात, चार शब्द पुरेत, असं माझं मत. ते ऐकत नसत.

"त्याने जेवढं सांगितलं तेवढं सगळं द्यायचं, टीचर. त्यातलं कुठलं कामाचं, ते आपण कोण ठरवणार?"

"अहो, वाचून होत नाही त्यांचं."

"मग मी वाक्याची पट्टी जरा आधी आणतो. वेळ मिळेल."

मला ते बरंच वाटलं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांच्याइतकीच मीही होते. पट्टी चित्राच्या आधी येते हे मला दिसत होतं. प्रोजेक्टरशी उभी राहून मला पडदाही दिसे आणि पट्टीही. मुलांना वाचायला अवधी मिळतो, चांगलं आहे, असं म्हणून मी गप्प राहिले.

बेडकाची फिल्म दाखवली त्यानंतरच्या चाचणीत अर्ध्या वर्गाने अंड्यांच्या चित्राखाली 'डिंभ' आणि शेपटीवाल्या डिंभाच्या चित्राखाली 'बेडूक' लिहिलं. मी सगळ्यांचे गुण कापले. सगळ्यांची चूक एकसारखी कशी, हे बघितलं नाही. तपासायचा गठ्ठा मोठा होता.

त्या वर्षी आमच्या शाळेतून पहिल्यांदाच एक मुलगी कामाला लागणार होती. कुंदा. अठरा पूर्ण, धिप्पाड, हुशार, जन्मापासून बहिरी. आई मिठागरात काम करायची. रेल्वेपलीकडे वालीवला तेव्हा नुकत्याच कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका शेडीत चपलांची बकलं बनत, पत्र्याच्या पट्टीतून पॉवर प्रेसवर कापून. मालक कुंदाला घ्यायला तयार झाले. आमच्या मुलांसाठी हे दार उघडलं तर मागून आणखी चौघी-पाचजणी जाणार होत्या, म्हणून मी त्यांच्याकडे किती फेऱ्या मारल्या ते सांगत नाही.

कामाला जायच्या आधी कुंदाची आई शाळेत आली. पायांवर मिठाने पडलेल्या भेगा, पदराला हात पुसत उभी.

"बाई, ती मशीन पत्रा कापते ना?"

"हो. पण आम्ही तिला सगळं शिकवून पाठवतो. सिनेमा मागवलाय खास."

"मीठ वाहून वाहून माजं आयुष्य गेलं, मला काय कलतं मशिनीतलं. पन बाई, लोकांची जीब तोंडात असते. हिची हातात हाय. तेवढे हात सांभाला."

ते तिथेच सुकेळीचे पुडे मोजून ठेवत होते. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी फिल्म आली, प्रेसवर सुरक्षित काम कसं करावं याची, आणि मी छाटलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी परत मागून घेतलं. "बटण बंद केलं तरी चाक फिरत राहतं. चाक पूर्ण थांबेपर्यंत साच्यात हात घालू नका." मी यातलं पहिलं वाक्य काढलं होतं. त्यांनी ते लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसले.

शनिवारी दुपारी आम्ही फिल्म दाखवली. कुंदा पहिल्या बाकावर. सोमवारी ती कामावर जाणार होती.

सोमवारी दहाच्या सुट्टीत मी ओट्यावर चहा घेत होते. अंगणात मोठी मुलं शनिवारचा सिनेमा खेळत होती. नेहमीचंच. एकजण प्रेस झाला होता, दोन्ही हात वर बांधून. एक मुलगी त्याच्यासमोर बसून कामगार झाली होती. तिने दोन्ही हात पुढे सरकवले, साच्यात पत्रा ठेवल्यासारखे, आणि हात तसेच आत असताना पेडल दाबल्यासारखा पाय आपटला. प्रेस झालेल्या मुलाचे हात खाली आले. तिने हात काढले नाहीत. उलट तो खाली येत असतानाच आणखी आत घालून तुकडा उचलल्याचं दाखवलं. मग सगळे हसले आणि दुसरीची पाळी आली. तिनेही तेच केलं. तिसऱ्यानेही.

मी कप ठेवला आणि खाली उतरले. मुलीला विचारलं, पाय कधी? तिने हात पुढे करून दाखवलं: हात आत, तेव्हा पाय. मी म्हटलं, नाही, हात बाहेर, मग पाय. तिने मान हलवली, ठामपणे. मग मातीत बोटाने लिहिलं: 'पट्टीत होतं.'

मला बेडकाची चाचणी आठवली. अंड्याखाली डिंभ. डिंभाखाली बेडूक. पट्टी एक घर पुढे. पडद्यावर हात पत्रा ठेवत असताना खाली अक्षरं आली असणार, 'आता पायाने पेडल दाबा.' पडद्यावर पाय पेडल दाबत असताना खाली, 'तुकडा बाहेर काढा.' शब्द एकूण एक बरोबर होते. ज्यांना आवाज ऐकू येतो त्यांनाच कळलं असतं की हे वाक्य या चित्राचं नव्हे.

कुंदा सकाळी आठपासून मशीनवर होती.

शेडीत फोन नव्हता. मी मुख्याध्यापिकाबाईंना दोन वाक्यांत सांगितलं आणि फाटकाकडे धावले. ते समोरून सायकल हातात धरून येत होते, फिल्म परत करायला पॅक करायची होती म्हणून. माझा चेहरा बघून त्यांचा हात तोंडाशी गेला.

"पट्टी पुढे गेली," मी म्हटलं. "एक घर. मुलं उलटं शिकलीत."

सायकल त्यांनी रस्त्यातच सोडली. ती पडल्याचा आवाज मला टांग्यात चढताना ऐकू आला.

टांगा स्टेशनपर्यंत. तिथे रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी थांबून थांबून जात होती, डबा संपला की पुढचा. मी मनातल्या मनात कुंदाच्या एका बकलाला किती सेकंद लागत असतील याचा हिशेब करत होते आणि तो थांबवता येत नव्हता. ते शेजारी उभे होते, हात तोंडाशी, ओठ हलत होते. मला वाटलं रोझरीची प्रार्थना म्हणतात. जवळ झुकले तेव्हा कळलं, पट्ट्या म्हणत होते. पहिल्यापासून, ओळीने, कुठली कुठे पडली असेल ते शोधत.

फाटकापलीकडे पत्र्याच्या पट्ट्या नेणारा टेम्पो मिळाला. वाटेभर त्या पट्ट्या मागे खणखणत होत्या. ते एकदाच बोलले. "मी पडद्याकडे बघितलंच नाही कधी, टीचर." मीच बघत होते, हे म्हणायचं धैर्य मला त्या टेम्पोत नव्हतं.

शेडीत शिरलो तर आवाजाने कान बंद झाले. सहा प्रेस एका ओळीत, भिंतीकडे तोंड करून. तिसऱ्यावर कुंदा, स्टुलावर बसलेली, आमच्याकडे पाठ. वेणी वर बांधलेली. तिचे दोन्ही हात अजून होते. ते आधी मोजले.

मग तिचा पाय दिसला. पाय पेडलवर टेकलेला होता, सतत. पत्र्याची पट्टी सरकवताना बोटं साच्याच्या आत, आणि पाय वर उचललेला नाही, नुसता सैल ठेवलेला. बोटं बाहेर येता येता पाय दाबला जायचा. इतक्या थोड्या फरकाने की मला तो फरक दिसायचा नाही, फक्त दर वेळी हात बाहेर आलेले दिसायचे. घड घड घड, खट्. घड घड घड, खट्.

मी पुढे धावले. त्यांनी माझं मनगट धरलं. ओळख असलेल्या एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला.

"मागून नको. दचकली तर पाय दाबेल."

हाक मारून उपयोग नव्हता. मी भिंतीवरच्या मेन स्विचकडे बोट केलं.

"दिवे जातील. आणि चाक फिरत राहतं." त्यांनी माझ्या कानाशी सांगितलं, तळहात आडवा धरून. "लिहिलंय मी ते."

मिस्त्री जवळ आला. "काय मॅडम, बघायला आलात? पोरगी एक नंबर आहे. बोलत नाही, इकडेतिकडे बघत नाही. पहिल्याच दिवशी असा स्पीड मी बघितला नाय. बोलावू का तिला?" आणि तो तिच्या खांद्यावर टपली मारायला निघाला. मी त्याच्या बाहीला लटकले. शब्दशः. बाही उसवली.

वळून बघते तर ते शेजारी नव्हते.

भिंतीत, कुंदाच्या मशीनच्या थोडं वर, जाळीची खिडकी होती. मी मिस्त्रीची बाही धरून उभी राहिले. बाहेर गवत आणि भंगार होतं, त्यातून जायला त्यांना किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मग जाळीत त्यांचं डोकं आलं. मधोमध आलं नाही. मधोमध आलं असतं तर सावली साच्यावर पडली असती. ते कडेला उभे राहिले आणि तिथून हलले नाहीत. कुंदाच्या डाव्या हाताला पट्ट्यांचा ढीग होता, वीस-पंचवीस तरी. ती मान खाली घालून कापत होती. ढीग संपल्याशिवाय ती मान वर करणार नव्हती, आणि ते त्याआधी काही करणार नव्हते. आयुष्यभर मागचं वाक्य संपायच्या आत पुढचं पुरवणारा माणूस त्या जाळीशी नुसता थांबून होता.

मी प्रत्येक खट् अंगावर घेतला. मिस्त्रीला एव्हाना काहीतरी समजलं होतं, तोही हलत नव्हता. सात पट्ट्या राहिल्या. मधेच एक वाकडी बसली, तिने ती बोटाने आत ढकलून सरळ केली, पाय पेडलवर तसाच. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाच राहिल्या होत्या.

शेवटची पट्टी संपली. कुंदाने नवा गठ्ठा घ्यायला मान वर केली आणि तिला ते दिसले. ती हसली. डावा हात गालाला आडवा लावून तिने त्यांचं नाव घेतलं. उजवा हात साच्यावरच टेकलेला. पाय पेडलवर.

तुम्हाला वाटेल त्यांनी हातवारे केले असतील. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. नंतर बघितले तर एका हाताची नखं दुसऱ्या मनगटात रुतली होती. चेहरा पूर्ण उघडा. ते बोलायला उभे आहेत हे कुंदाने ओळखलं आणि मी बारा वर्षं ओरडून ओरडून लावलेल्या सवयीने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मग त्यांनी ओठांनी सावकाश सांगितलं, "पाय जमिनीवर."

तिने पाय काढला.

मी तिथल्या तिथे, पत्र्याच्या चुऱ्यावर बसले. कुंदाने वळून मला पाहिलं आणि तिला काहीच कळेना की शाळेची बाई इथे खाली का बसलीय.

फिल्म आम्ही एक दिवस जास्त ठेवून घेतली. मालकांनी कुंदाला सुट्टी दिली, मिस्त्रीही आला, उसवलेल्या बाहीनेच. प्रोजेक्टर लावायच्या आधी ते माझ्याकडे आले. "टीचर, प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस द्या."

"कुठे लागलं?"

"कुठे नाही. मला ऐकू येतं, तोच घोटाळा आहे."

त्यांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घट्ट बसवले. खोक्याच्या मुठीला लांब दोरी जोडून घेतली, स्टूल उचललं आणि पहिल्या बाकाशेजारी, मुलांच्या रांगेत, पडद्याकडे तोंड करून बसले. प्रत्येक वाक्याच्या कडेला त्यांनी रात्रीतून पेन्सिलीने एक बारीक चित्र काढलं होतं: हात, पाय, चाक. पडद्यावर ते दिसल्याशिवाय दोरी ओढायची नाही. त्या दिवशी हात पत्रा ठेवत असताना पट्टीत पत्रा ठेवायचं वाक्य होतं. हात बाहेर आल्यावर पायाचं. मी पडदा आणि पट्टी दोन्ही डोळ्यांत तेल घालून बघत होते. कुंदाने मधेच स्वतःच्या पायाकडे बघितलं, मग हातांकडे. मग बराच वेळ तिने हात मांडीवरून काढले नाहीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. त्यांची संपली नाही. त्याआधी आम्ही पंधरा-सोळा फिल्म्स तशाच दाखवल्या होत्या. रस्ता ओलांडण्याची होती. विजेची होती. स्टोव्हची होती. ते दुसऱ्या दिवशी यादी घेऊन आले.

"स्टोव्हमध्ये पिन आधी की हवा आधी? मुलांनी काय वाचलं असेल?"

आम्ही एकेक फिल्म परत मागवली. वर्गातल्या मुलांचं सोपं होतं. पण जी शाळा सोडून गेली होती त्यांच्या घरी ते सायकलवरून गेले, कॅरिअरला गुंडाळ्या बांधून. अर्नाळ्यापर्यंत गेले, आगाशीत तीन घरं केली. ओट्यावर बसून, पोरांना स्टोव्ह पेटवायला लावून बघायचे. बहुतेकांनी सिनेमा कधीच विसरून आईचं बघून बरोबर शिकलेलं होतं. ते परत येऊन मला सांगायचे आणि मी म्हणायची, बघा, उगाच जीव टांगणीला लावता.

एक मुलगी मात्र सापडली नाही. तिचे वडील वीटभट्टीवर होते. भट्टी उठली तसं कुटुंब गुजरातकडे गेलं, पत्ता नाही. तिने रस्त्याची फिल्म पाहिली होती. दर काही महिन्यांनी ते पुडे ठेवता ठेवता विचारत, "तिचं काही कळलं, टीचर?" मी नाही म्हणे. ते मान हलवत. मला या प्रश्नाची धास्ती वाटू लागली होती. ते आले नाहीत तर बरं, असंही एकदोनदा वाटलं, आणि तेही इथे लिहिते.

कुंदा त्या शेडीत राहिली. तिच्यामागून चौघी गेल्या. नव्या मुलीला मशीन तीच शिकवायची आणि पहिल्या दिवशी तिच्या पायाशी स्वतः उकिडवी बसायची.

काही वर्षांनी, पावसाळा संपता संपता, ते गेले. तापाचं निमित्त. चर्चमध्ये गर्दी होती. जुने नट होते, वाडीवाले होते, आणि मागच्या बाकांवर आमची मुलं. कुंदा आईला घेऊन आली होती आणि माझ्याशेजारी बसली.

शवपेटी उघडी होती. आपल्याकडे ठेवतात तसा त्यांच्या कानांत कापूस ठेवला होता. कुंदाने तो पाहिला. तिने माझ्या कोपराला हात लावून आधी कानाकडे बोट केलं, मग डोळ्यांकडे. मी मान डोलावली.

फादर वेदीवरून बोलू लागले. ओठ वाचायला ते फार लांब होते. कुंदा माझ्याकडे वळली, काय म्हणतात? चर्चमध्ये बोलायचं म्हणून मी आवाज दाबला, तिच्याकडे झुकले आणि फादर काय म्हणणार याचा अंदाज घेऊन पुढचं सांगायला लागले. चांगला माणूस होता, देवाच्या घरी गेला, असं म्हणतीलच.

कुंदाने माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. माझा तळहात तोंडाशी आडवा गेलेला होता, हे मला तेव्हा कळलं. तिची बोटं मनगटावर घट्ट होती, पाचही.

मी हात मांडीवर ठेवला आणि फादर वाक्य संपवेपर्यंत थांबले.